आमच्या हळदीतला सोमवारचा पाऊस

गेल्या साली पावसानं सगळ्या तालुक्याकडं पाठ फिरवली, तेव्हा आमच्या हळदीत मात्र दर सोमवारी भरपूर पाऊस पडत होता. हे मी नाही, माझा मोबाईल म्हणत होता. आणि मोबाईल म्हणाला की मी मान डोलवायची, असे ते दिवस होते.

झालं असं, की हिंगोलीच्या एका संस्थेनं आमच्या हळदीत मातीतला ओलावा मोजणारं यंत्र बसवलं. कमरेएवढा पांढरा खांब, त्याचं टोक मातीत, डोक्यावर पाटीएवढं सोलर. माती सुकली की यंत्राला कळणार, मोटार आपोआप सुरू होणार, ठिबकमधून पाणी जाणार आणि सगळी खबर माझ्या मोबाईलवर येणार! आजवर पाणी बघायचा माझा थोरला भाऊ, दादा. मी त्याला म्हणालो, "दादा, यंदा हळद माझ्या हवाली कर. शेतात पाय न ठेवता पिकवून दाखवतो!"

"वर्षाचं पीक हाय गजू," दादा म्हणाला. "हळद गेली तर माय घरात घेणार न्हाई तुला."

"डाटा हाय दादा, डाटा!" (डाटा म्हणजे काय, हे त्यानं विचारलं नाही म्हणून माझी अब्रू वाचली.)

यंत्र बसलं त्या दिवशी उत्साहाच्या भरात मीच त्याच्यापुढं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि मायला म्हणालो, "माय, आता सगळं ह्याच्याच हातात. ह्याची काळजी घे!" हे मी बोललो आणि विसरून गेलो. माय विसरली नाही.

पुढं पावसानं जी दडी मारली ती मारलीच. लोक मोटारींमागं पळत होते आणि मी हॉटेलात बसून चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर मोबाईल दाखवत होतो. हिरवागार ठिपका आणि खाली अक्षरं : 'ओलावा भरपूर. पाण्याची गरज नाही.' "हवामान बदल!" मी लोकांना समजावून सांगायचो. लोक माझ्याकडं आदरानं बघायचे. (निदान मला तसं वाटायचं.)

एक दिवस दादा हॉटेलातच आला. "गजू, पानं गुंडाळून राहिली रे."

"उन्हानं गुंडाळतात. हे बघ, हिरवं हाय."

"मोबाईलात हिरवं हाय. शेतात पिवळं पडून राहिलं! हातानं मोटार लावू का?"

"खबरदार! डाटा बिघडंल!"

दादा बिचारा आल्या पावली घरी गेला. घरी मायनं हे ऐकलं आणि तीही काळजीत पडली. ती आता रोज तांबडं फुटताच शेतात जायला लागली. आणि काय आश्चर्य! इकडं हळद जसजशी सुकू लागली, तसतसा मोबाईलमधला ओलावा वाढू लागला.

शेवटी फोन आला तो संस्थेतल्या एका पोरीचा. हिंगोलीत बसून ती गावोगावच्या यंत्रांवर लक्ष ठेवायची.

"सर, तुमच्याकडं पाऊस झाला का?"

"थेंब न्हाई, ताई."

"मग रोज सकाळी ओलावा एकदम वाढतो कसा? आणि सोमवारी तर फारच. सोमवारी काय असतं तुमच्याकडं?"

मी विचार केला. "सोमवारी... औंढ्याच्या नागनाथाला गर्दी असते."

ती हळूच म्हणाली, "सर, तुम्ही शेतात शेवटचं कधी गेला होता?" मी रेंज नसल्याचं सोंग करून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दादाला घेऊन पहाटेच शेतात गेलो. दिवस नेमका सोमवार. बघतो तर काय, खांबाला झेंडूचा हार, सोलरवर बेलाची पानं, मधोमध भस्माचे तीन पट्टे! आणि माय बादलीनं त्याच्यावर पाणी ओतत होती. "नागनाथा, माझ्या लेकराची लाज राख रे बाबा!"

"माय! हे काय करून राहिलीस?"

"अभिषेक. तूच म्हनलास ना, सगळं ह्याच्या हातात, काळजी घे? पयले तांब्याच घालत व्हते. हळद सुकाया लागली, तवा वाटलं, देवाला कमी पडून राहिलं. म्हनून बादली आनली. सोमवारी तर दोन! दादानं तर परवा दुसरा नारळ बी फोडला!"

मी दादाकडं बघितलं. दादा आभाळाकडं बघत होता.

यंत्र बिचारं गुडघाभर चिखलात उभं होतं आणि सगळं शेतच भिजलंय असं मला इमानदारीनं कळवत होतं! हळदीची पानं करपलेली बघून मला मात्र रडू फुटायचं बाकी राहिलं. तिथूनच त्या पोरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती हसली नाही. (हे तिचे पहिले उपकार.) तिनं हिंगोलीतूनच मोटार सुरू केली आणि ठिबकमधून पाणी ठिबकेपर्यंत फोनवर थांबली. मातीतले गड्डे उकरून बघायला लावले. गड्डे शाबूत होते. "वाचेल सर, घाबरू नका," ती म्हणाली. "यंत्र दुसऱ्या वाफ्यात हलवा. आणि आईंना बोलू नका. त्यांना काळजी घ्या म्हटलं, त्यांनी घेतली."

हळद वाचली. पानं पुन्हा ताठ झाली तेव्हा मी वाफ्यात उभ्या उभ्या हात जोडले. आधी नागनाथाला, मग हिंगोलीच्या दिशेला. ती पोरगी आमची कोण लागत होती? पण आमच्या वाळत्या पिकाची काळजी तिला लागली, हे मी जन्मात विसरणार नाही. नवी हळद दळली तेव्हा मायनं पहिली पुरचुंडी तिलाच पाठवली.

यंदाच्या हंगामाआधी तिनं विचारलं, "सर, पाण्याचा निरोप कोणाच्या नंबरवर पाठवू?" मी तोंड उघडायच्या आत दादानं मायचा नंबर सांगून टाकला. आता पाण्याची गरज पडली की मायच्या फोनवर बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो. माय तिला म्हणते, "व्हय बाई, जाते. तू जेवलीस का?" आणि शेतात जाऊन वाफ्यात हात घालून खात्री करून येते.

माझ्या मोबाईलवर आता फक्त हवामानाचा अंदाज येतो. तोही शेजारच्या परभणीचा.