मी भरलेली मुलीची वही

आम्ही रिसोडला राहतो. नवरा दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. मुलगी पहिलीपासून घरीच शिकते, शिकवते मी. रविवारी आमची मंडळी एका घरात उपासनेला जमते. आसपासच्या गावांतली आमच्यासारखी चार-पाच ख्रिस्ती घरं मुलांना घरीच शिकवतात. नातेवाइकांना ते खूळ वाटतं. त्यामुळे असेल, सगळं सुरळीत चाललंय असं दाखवायची मला सवयच लागली होती.

त्या वर्षी पावसाळ्यात मला चिकनगुनिया झाला. बोटं इतकी सुजली की पेन धरवेना. बरी होते तोवर सोयाबीनची सोंगणी आली आणि आम्ही सासरी खेड्यात गेलो. दिवाळीनंतर मात्र कोणतंच कारण उरलं नव्हतं. सकाळी प्रार्थना व्हायची आणि मी म्हणायचे, उद्यापासून बसू. साडेतीन महिने मुलीच्या वहीत एक ओळ पडली नाही.

नाताळ झाला. जानेवारीत वाशीमला घरी शिकवणाऱ्या आयांची बैठक ठरली. "ताई, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, तुमी अभ्यास कसा टिकवता ते सांगा. बाकीच्याइले धीर येईन," असा फोन आला. मी हो म्हटलं.

मग दोन दुपारी बसून मी ती वही भरली. पेन बदलून, अक्षर मुद्दाम वाकडं काढून, मागच्या तारखा घालून. दोन-तीन गणितं जाणूनबुजून चुकवली आणि लाल पेनाने दुरुस्तही केली. मुलगी शेजारी उभी होती.

"आई, हे अक्षर माह्यं नाई."

"गप बस," मी म्हणाले.

वाशीमला मी तासभर बोलले. उन्हाळ्यात पहाटे, पावसाळ्यात लाईट गेली तर तोंडी, हिवाळ्यात गच्चीवर उन्हात. वही हातोहात फिरली. केनवडची एक तरुण आई ती पान पान बघत होती. तिने माझ्या मुलीला जवळ घेतलं. "बाळा, येवढं सारं तू लिवलं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही, मानही हलवली नाही. "हो," ती म्हणाली.

नऊ वर्षांची होती ती. खोटं बोलू नये, हे तिला मीच शिकवलं होतं.

मार्चमध्ये एका रविवारी केनवडच्या त्या बाईचा नवरा एकटाच उपासनेला आला. म्हणाला, "तिनं पोरीचं शिकवनं बंद केलं. रिसोडच्या ताईसारखं मले जमत नाई म्हनते. रडून राह्यली."

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन जीपने केनवडला गेले. ती बाई ओसरीत तूर निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मुलीच्या देखत. तिने सूप बाजूला ठेवलं.

मग म्हणाली, "म्हंजे तुमी मले दोन महिने फुकट रडवलं?"

"हो."

"काहून पन, ताई? तुमचं बंद पडलं होतं हे सांगितलं असतं, तं मले कितीक बरं वाटलं असतं. माह्यं तं तवा पंधराच दिवस बंद होतं."

तिने चहा केला. माझ्याशी नीट बोलली नाही, पण मुलीला बिस्किटं दिली. निघताना म्हणाली, "बेस्तरवारी येत जा. दोघीइले संगं बसवू." तेव्हापासून आम्ही दर गुरुवारी जातो.

परतीच्या जीपमध्ये मी मुलीची माफी मागितली. तिने विचारलं, "मंग मी खोटं बोलली, ते माह्यं पाप का तुह्यं?"

"माझं," मी म्हणाले.

वाशीमच्या बायकांनाही मी एकेकीला फोन करून खरं सांगितलं. दोघींनी नंतर माझ्याशी बोलणं सोडलं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मुलगी आता अकरा वर्षांची आहे, अभ्यास बरा चाललाय. कधी चार-चार दिवस काहीच होत नाही. तेव्हा मी केनवडला फोन लावते आणि "आमचं बंद पडलंय" असं सांगते. अजूनही ते वाक्य तोंडातून सहज निघत नाही.