राहीबाईंची पहार

आमच्या घरांच्या ओळीत झाडांना माणसांची नावं होती. सकाळी दारात झाडू मारता मारता बायका म्हणायच्या, आज तात्यांनी फार पाला पाडला. नाहीतर, बाबासोंची फांदी वायरीला टेकलीय, कुणीतरी सांगा जाऊन. नवा भाडेकरू हे ऐकून बुचकळ्यात पडायचा. मग कुणीतरी त्याला समजवायचं की बाबा, इथली झाडं म्हणजे इथली गेलेली माणसं आहेत. त्या दिवसापासून तो झाडाला टेकवून स्कूटर लावणं बंद करायचा.

हे सगळं सुरू केलं राहीबाईंनी.

राहीबाई पाटण तालुक्यातल्या. नवरा बाबासो वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होता. पोती वाहून वाहून त्याची मान कायमची पुढं आली होती. कोपरखैरण्यातलं घर त्यांना माथाडी म्हणून मिळालं. एका पुरुषानं हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत, एवढी त्या घराची रुंदी. समोर तशीच दुसरी ओळ, मध्ये मातीची एक पट्टी आणि गटार. बाबासो छातीत कळ येऊन मार्केटातच गेला. तिसऱ्या दिवशी राख सावडल्यावर दीर म्हणाला, गावी नेऊ. त्यांच्या गावात राख नदीत सोडत नाहीत. आपल्या रानात खड्डा घेऊन त्यात घालतात आणि वर झाड लावतात. चांगली पद्धत आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण ती रान असलेल्यांची पद्धत आहे.

राहीबाईंनी दिराचं ऐकलं नाही. म्हणाल्या, "सारा जल्म ह्या गावात वझी उचलण्यात गेला त्यांचा. आता ऱ्हाऊ द्यात की हितंच." घराच्या डागडुजीला आणलेली लोखंडी पहार दारामागं होती. ती घेऊन त्यांनी स्वतः दारासमोर खड्डा खणला आणि गुलमोहराचं रोप लावलं. उंबऱ्यावर बसून त्याच्याशी बोलता यावं, हेच काय ते अंतराचं माप.

मग आमच्यात अशा गोष्टींना वेळ लागत नाही. शेजारचे तात्या गेले, त्यांचा सोनमोहर आला. पलीकडच्या शेवंताबाईंच्या नावानं बदाम आला. कुणाच्या घरी माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी राहीबाईंकडे पहार मागायला यायचं, हे ठरूनच गेलं. प्रत्येकाला आपलं माणूस आपल्याच दारात हवं होतं, त्यामुळे घराची जेवढी रुंदी तेवढीच जागा झाडाला मिळाली. मोठ्या वृक्षांना आम्ही चाळीतल्या बिऱ्हाडांसारखं बसवलं. पुढं एका वर्षश्राद्धाला राहीबाईंनी बाबासोंच्या बुंध्याला विटासिमेंटचा पार बांधला, फरशी अगदी सालीला भिडवून. गावच्या देवळापुढं असतो तसा. लगेच बाकीच्यांनीही बांधले, तात्यांच्या मुलानं तर ग्रॅनाइट लावला. आम्ही मेलेल्यांतही वरचढ व्हायला बघतो, त्याला काय करणार.

झाडं वाढली. एकमेकांना खेटून वाढल्यामुळे जाड होईनात, नुसती उंच गेली आणि उजेड शोधत घरांवर वाकली. बाबासो वाकले ते जयमालाच्या घरावर.

जयमाला राहीबाईंची शेजारीण. राहीबाईंचा मुलगा कामोठ्याला फ्लॅटमध्ये राहतो, तो न्यायला आला तरी त्या जायच्या नाहीत. ह्यांना सोडून कुठं जाऊ, म्हणायच्या. मग सकाळचा चहा, औषधाच्या गोळ्या, गॅसचा नंबर लावणं, सगळं जयमाला बघायची. तिचा नवरा विश्वजित मार्केटात तोलणार म्हणून मालाचं वजन करायचा, मुलगी वैष्णवी बारावीला. वरती त्यांनी पत्र्याची एक खोली चढवली होती आणि पुढं कपडे वाळत घालायला थोडी मोकळी जागा ठेवली होती. मे महिन्यात तिथं गुलमोहराच्या लाल पाकळ्यांचा सडा पडायचा. जयमाला हसून म्हणायची, काकांनी ओटी भरली माझी.

दोनेक वर्षांपूर्वी बाबासोंच्या पाराच्या कडेला, बुंध्यावर अळंबीचे टणक कान उगवले. राहीबाईंना वाटलं, झाडाला जखम झाली. त्यांनी ते खरवडून काढले आणि वर हळद लिंपली. दर अमावास्येला हळद लिंपत राहिल्या. माणसाला लावतात ती झाडाला लावली, यात त्यांची चूक तरी कशी म्हणायची. चूक होतीच, पण मायेतून झालेली.

पालिकेकडे वायरींची तक्रार गेली म्हणून वैशाखात झाडं बघायला एक तरुण अधिकारी आला. त्यानं लाकडी हातोडीनं बाबासोंच्या बुंध्यावर ठोकलं. पोकळ डब्यासारखा आवाज आला. त्यानं शांतपणे सगळं सांगितलं. पारानं बुंधा कोंडला आहे, आत कुजला आहे. गुलमोहराची मुळं वरवरची, हे झाड घराच्या इतकं जवळ कधीच लावायचं नसतं. हे आत्ताच काढायचं आणि बाकीच्यांतलं एकाआड एक काढायचं, म्हणजे उरलेली तरी नीट जगतील.

ओळ त्याच्यावर तुटून पडली. एकाआड एक म्हणजे कुणाचा बाप ठेवायचा आणि कुणाची आई काढायची? जो तो शेजाऱ्याच्या झाडाकडे बोट दाखवायला लागला. राहीबाई मात्र उंबऱ्यावरून उठल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "साहेब, भादव्यात पित्रं हाईत. एक डाव ह्यास्नी जेवू घालते बुडाशी. मग खुशाल न्या."

तो म्हणाला, "मावशी, वारा तिथी बघून येत नाही."

तेव्हा जयमाला पुढं झाली. "माझ्याच घरावर वाकलंय ना ते? मग मी सांगते, ऱ्हाऊ द्या भादव्यापर्यंत. काकींचं मन मोडून मला काय घर वाचवायचंय?"

अधिकारी दोनदा माणसं आणि करवती घेऊन आला. दोन्ही वेळा ओळीतल्या बायका पारावर बसून राहिल्या, जयमाला सगळ्यांच्या पुढं. शेवटी हाताला येतील त्या फांद्या उतरवून, वरची खोली वापरू नका असं बजावून तो गेला. खोली बंद केली, हे खरं. पण कपडे वाळत घालायला दुसरी जागा कुणाकडे होती?

श्रावणातली दुपार. पाऊस उघडला होता आणि वारा होता, पण पडदे उडतील एवढाच. राहीबाई उंबऱ्यावर मेथी निवडत होत्या. आभाळ पुन्हा भरून आलं म्हणून जयमाला वर गेली आणि वरून ओरडली, "काकी, तुमचंबी लुगडं काढते हं."

झाड मोडलं नाही. ते पारासकट उपटून आडवं झालं. आधी फरशी फुटल्याचा आवाज आला, मग पत्र्याचा, आणि मग काहीच नाही. आम्ही फांद्या ओढत होतो, राहीबाई तिला नावानं हाका मारत होत्या. जयमाला सापडली तेव्हा हातात लुगड्याचं टोक तसंच होतं. मला आजही दोरीवर वाळणारं लुगडं बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी झाडाचे तुकडे करून नेले. उघडा पडलेला बुंधा आतून काळा, भुसभुशीत होता आणि बाहेरून हळदीनं पिवळा. तो तरुण अधिकारीही आला होता. त्यानं आम्हाला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवायला हवा होता, असं मला फार वाटलं. राहीबाई उठून त्याच्याजवळ गेल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, तात्यांचं काढा, शेवंताबाईचं ऱ्हाऊ द्या, त्याच्या पुढचं काढा. ज्यांची झाडं होती ते ऐकत उभे होते. अधिकारी फक्त एवढंच म्हणाला की बाबासोंची जागा आता मोकळीच ठेवा, तिथं काही लावू नका.

तिसऱ्या दिवशी राख सावडून विश्वजित आणि वैष्णवी परत आले. विश्वजितच्या हातात मडकं होतं, वैष्णवीच्या हातात जांभळाचं रोप. जयमालाला जांभळं आवडायची. वैष्णवी सरळ राहीबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. अख्खी ओळ बाहेर आली होती. ज्या बाईच्या झाडानं हिची आई नेली, तिच्याकडे पोर पहार मागत होती आणि आमच्यातल्या कुणाची मान वर करायची हिंमत नव्हती.

"आज्जी, पहार द्या."

राहीबाईंनी दारामागून पहार काढली, पण दिली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"न्हाय देत, पोरी. हितं नगं. गावाकडं माज्या रानात चल, मी संगं येते. तिथं कुनाच्या घरावर सावली पडत न्हाय."

वैष्णवी वळून त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. कित्येक वर्षांनी तिथं ऊन पडलं होतं.

"एवढी जागा पडलीय इथं," ती म्हणाली, "आणि माझ्या आईला नाही? मग आजोबांना कशी होती?"

राहीबाई खाली बसल्या नाहीत, रडल्या नाहीत. साऱ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "न्हवती. त्यास्नीबी न्हवती."