टीव्हीची झडती घेणारे काका

इतर माणसं टीव्ही बघतात, आमचे ढोकीचे काका टीव्हीची झडती घेतात. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. अख्खी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. निवृत्तीनंतर समोर ऊस उरला नाही, म्हणून त्यांनी मालिका, बातम्या आणि जाहिराती तोलायला घेतल्या. मालिकेतल्या सासूनं सुनेच्या दुधात विष कालवलं तरी काका शांत असत. पण पडद्यावर एखादा भामटा आला आणि "लई" किंवा "न्हाय" म्हणाला, की ते ताडकन उठत. "बघ! चोर आला की आमच्यासारखा बोलतो अन् जज आला की पुण्यासारखा. आमच्यात कुणी शहाणा जन्मलाच न्हाय व्हय?" शेजारचे लोक टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून सांगायला येत, तर टीव्ही केव्हाचा बंद असे. बोलत असत ते काकाच.

एकदा कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात लागली. "सगळ्या बायकाच कशा धुतेत? बाप्ये काय उघडे हिंडतेत?" काका कडाडले. मावशी आतून म्हणाली, "मग उद्यापास्नं तुमीच धुवा की!" आता माघार कशी घ्यायची? दुसऱ्या दिवशी काकांनी मावशीची नवी लाल साडी आणि स्वतःचे तीन पांढरे सदरे एकाच बादलीत भिजवले. पुढं महिनाभर ते गुलाबी सदऱ्यात ढोकीभर हिंडले, आणि कुणी हसलंच तर त्यालाच धरत, "गुलाबी रंग बायकांचा, हे तुला कुणी शिकवलं, सांग!" केशकर्तनालयात पेपर त्यांच्या हाती लागला की गिऱ्हाइकांची धडगत नसे. 'महिला चालकाची कार दुभाजकावर' हा मथळा वाचून त्यांनी विचारलं, "गेल्या आठवड्यात ज्यानं ट्रक घातला, त्याला 'पुरुष चालक' का न्हाय छापलं?" हा वाद इतका रंगला की कारागीरही वस्तरा धरून त्यात उतरला आणि एक गृहस्थ अर्ध्या दाढीनिशी तेर गावाची बस पकडून गेले.

गेल्या उन्हाळ्यात शहरातून एक तरुण गावाकडचा व्हिडिओ करायला आला. काकांना म्हणाला, "घड्याळ काढा, फाटकं धोतर नेसा आणि कपाळावर हात ठेवून आभाळाकडे बघा." काका म्हणाले, "धोतर माझ्या बापानं बी नेसलं न्हाय. अन् आभाळाकडं कशाला बघू? विहिरीवरली मोटर मोबाइलवर चालू करता येती." त्यांनी त्याला मोटर दोनदा चालू-बंद करून दाखवली, उसाचा रस पाजला आणि व्हिडिओ न करताच परत पाठवला.

असे हे काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धाराशिवला निघाले, तेव्हा सोबत मी होतो. दवाखान्यात एक सावळी, ठेंगणी मुलगी फाइल घेऊन आली. काका म्हणाले, "सिस्टर, डॉक्टरसाहेब कवा येणार हायत?"

ती हसली. "मीच डॉक्टर आहे, काका. तुमचं ऑपरेशन मीच करणार."

काकांचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. "म्या चुकलो, बाई," ते पुटपुटले.

"असू द्या. रोजच होतं," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे वळली.

ऑपरेशन उत्तम झालं. पण परतताना ढोकीला उतरल्यावर काका एवढंच म्हणाले, "रोज होतं म्हणली. रोज, रं. अन् आज ते म्या केलं."

आठवड्यानं आम्ही तपासणीला गेलो. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. डॉक्टरबाई समोरून गेल्या, तशी त्यांनी हाक मारली, "ओ सिस्टर!" मी डोळे मिटले. आता दवाखाना दणाणणार! पण काका हळूच सरकले, त्यांनी त्या गृहस्थांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "डॉक्टर हायत त्या, दादा. माझं बी असंच चुकलं होतं."

मग दोघंही म्हातारे डॉक्टरबाईंची वाट बघत, हाताची घडी घालून, शाळेतल्या पोरांसारखे ताठ बसून राहिले.