शिवदासकाकांची वेळ

भांडुपच्या तेजल खंडारेला ऑफिसात सगळे नकारघंटा म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. अंधेरीच्या त्या कंपनीत चुका काढणं हेच तिचं काम होतं. कंपनीने डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं. त्यात कुठलाही बदल झाला की तेजलने लिहिलेल्या चाचण्या आपोआप चालायच्या आणि नियम मोडला की लाल खूण दाखवायच्या. त्यातला एक नियम अगदी साधा होता: एका मशीनवर एका वेळी एकच पेशंट.

नेमकी याच नियमाची चाचणी लहरी निघाली. दोन काउंटरवरून एकाच क्षणी एकच जागा मागितली तर काय होतं, हे ती चाचणी बघायची. बहुतेकदा हिरवी, मधूनच लाल, पुन्हा चालवली की हिरवी. नवी आवृत्ती द्यायची घाई होती. टीमप्रमुख अनिरुद्ध म्हणाला, चाचणीतच खोट असणार, तूर्तास बंद ठेव. तेजलला पटलं नव्हतं. तरी तिने ती बंद केली, आणि पुढे कामाच्या रगाड्यात तिला त्या चाचणीचा विसर पडला.

काही आठवड्यांनी एका केंद्राची तक्रार आली. पेशंट भलत्याच वेळी येऊन वाद घालतात, त्यांना आठवणीचा मेसेज जात नाही का, अशी. उदाहरण म्हणून नाव दिलं होतं शिवदास टपके, वेसावे कोळीवाडा.

तेजलने त्यांची नोंद उघडली. दोन काउंटरवरच्या मुलींनी जवळजवळ एकदमच बटण दाबलं होतं. दोघींनाही मशीन रिकामं दिसलं. शिवदासांचं नाव लागलं आणि लगेच दुसऱ्याचं नाव त्याच्यावर चढलं. काउंटरवरच्या मुलीने तोंडी सांगितलेल्या वेळेला शिवदास बरोबर आले होते.

अनिरुद्धने अंग काढून घेतलं नाही. मशीनवर एक नाव असताना दुसरं चढवायला डेटाबेसनेच नकार द्यावा, अशी दुरुस्ती त्याच दिवशी झाली, चाचणीही पुन्हा सुरू झाली. पण केंद्राला कारण कळवायची गरज नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

"बंद करायला मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

"बंद मी केली ना," तेजल म्हणाली.

पेशंटचा पत्ता असा वापरायचा नसतो, हे तिला ठाऊक होतं. तरी रविवारी ती वेसाव्याला गेली. शिवदासांची बायको चंपा दारात सुकट निवडत बसली होती. ही केंद्रातूनच आली असणार असं समजून ती नवऱ्याबद्दलच बोलायला लागली. केंद्रातल्यांनी 'आज तुमची पाळी नाही' म्हणून त्यांना परत पाठवलं. ते हट्टाला पेटले, आजचीच वेळ दिली होती म्हणाले. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल म्हणून चंपानेही त्यांनाच झापलं, तेही सगळ्या गल्लीदेखत. दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तेव्हापासून त्यांना एकटं कुठे सोडत नाहीत. जाळ्यांचं काम बघायचे, तेही पुतण्याकडे दिलं. म्हातारा विसरायला लागलाय, असं गल्ली म्हणते.

तेजल तिथेच पायरीवर बसली.

"मावशी, काका चुकले नव्हते," ती म्हणाली. "वेळ त्यांचीच होती. कॉम्प्युटरने त्यांच्या नावावर दुसऱ्याचं नाव चढवलं. ते पकडायची सोय मीच केली होती, आणि मीच ती बंद ठेवली."

चंपाचे हात थांबले. आतल्या खाटेवरून शिवदासांचा आवाज आला, "म्हंजे मी येडा नाय ना झालो?"

"नाही काका."

त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तेजलने पुन्हा तेच सांगितलं.

चंपा तिला रागाने काही बोलली नाही. पाणीही विचारलं नाही. पदराला हात पुसत उठली आणि म्हणाली, "आता हे गल्लीला सांग. माझं कोण ऐकायचं नाय."

मग चंपा पुढे आणि तेजल मागे, अशा त्या दारोदार फिरल्या. दर दारात तेजलने आपली चूक सांगितली. कुणी 'असं होय' म्हणालं, कुणी ऐकून परत टीव्हीकडे वळलं. पुतण्या भला होता, त्याने मान डोलावली. पण जाळ्यांचं काम काकांना परत देतो, असं काही म्हणाला नाही.

सोमवारी तिने केंद्राला खरं कारण कळवलं. वरिष्ठांनी बोलावून समज दिली. अनिरुद्ध काही दिवस तुटक वागला, मग निवळला. नोकरी राहिली.

निघताना तिने शिवदासांना आपला नंबर दिला होता. आता डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन येतो. केंद्राचा मेसेज त्यांना आलेला असतो, चंपानेही सांगितलेलं असतं. तरी ते विचारतात, "पोरी, उद्याच ना?"

"हो काका, उद्याच," तेजल सांगते. विचारायची गरज नाही, तुम्हाला नीट आठवतंय, असं म्हणायचं दर वेळी तिच्या ओठांवर येतं. मग तिला वाटतं, हे म्हणायचा हक्क आपल्याला कुठे उरलाय. फोन ते ठेवेपर्यंत ती कानाला धरून राहते.