एड म्हणजे उजवीकडे

महादेवी मैदानावर उतरली की कानडी व्हायची. एरवी आमच्याशी मराठीतच बोलायची, सोलापूरजवळच्या होटगीच्या हेलात. पण चेंडू हातात आला की तोंडात फक्त 'एड', 'बल' आणि 'तगो'. म्हणजे डावीकडे, उजवीकडे आणि घे. तिच्या घरात कानडी चालायची, आणि घाईत माणूस घरच्याच भाषेत ओरडतो. समोरच्या पुण्याच्या संघातल्या मुलींना वाटायचं, ही आपल्याच पोरींना येडं म्हणतेय. तोवर चेंडू बास्केटमध्ये गेलेला असायचा.

ती आमची पॉइंट गार्ड. चेंडू पुढे आणायचा आणि कुणी कुठे पळायचं ते ठरवायचं, हे तिचं काम. उंची बेताची, पायात कायम दुसऱ्या कुणाचे तरी बूट. मी तिच्याहून चांगली हातभर उंच, म्हणून बास्केटखाली उभी. "तू फकस्त हात वर ठीव," ती म्हणायची, "डोकं मी चालवते की." माझ्या डोक्याविषयी तिचं मत तेव्हापासून पक्कं होतं, आणि मी ते पुढे खरंही करून दाखवलं.

त्या वर्षी सोलापुरातल्या स्पर्धेला ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबचे प्रशिक्षक आले. एक पॉइंट गार्ड ते पगारी खेळाडू म्हणून नेणार होते. महादेवीच जाणार, याची आम्हाला इतकी खात्री होती की तिच्या आईनं सोबत द्यायला शेंगाचटणी कुटूनही ठेवली होती. आणि स्पर्धेतला आमचा शेवटचा सामना नेमका कर्नाटकातल्या कलबुर्गीच्या संघाशी पडला.

पहिल्या पाच मिनिटांतच बोंब झाली. महादेवी 'एड' म्हणाली की आमच्याआधी त्यांच्या मुली डावीकडे हजर. त्यांची एक जण तर हसून म्हणाली, "जोराग हेळव्वा." जरा मोठ्यानं सांग की बाई, असं.

मध्यंतरात महादेवीनं आम्हाला गोळा केलं. "आता एड म्हंजी उजवीकडं, बल म्हंजी डावीकडं. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?" आम्ही माना डोलावल्या. युक्ती लागू पडली. कलबुर्गीच्या मुली उलट्या बाजूला पळत राहिल्या आणि आम्ही फक्त एका गुणानं मागे उरलो. शेवटचे काही सेकंद उरले होते. ती ओरडली, "एड!" आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, डावीकडे धावले. चेंडू उजवीकडून, जिथे मी असायला हवी होते तिथून, सरळ प्रेक्षकांच्या खुर्च्यांत गेला. आम्ही हरलो.

सामन्यानंतर त्या प्रशिक्षकांनी आमच्या सरांमार्फत विचारलं, शेवटचा पास कुणासाठी होता? मी तोंड उघडलं होतं. पण महादेवी आधी बोलली. "कुनासाटी न्हाय. माजी चूक." मी तोंड मिटलं. हे लिहितानाही लाज वाटते. ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलीला घेऊन गेले.

महादेवीला पुन्हा तशी संधी मिळाली ती चार वर्षांनी, ऑस्ट्रेलियातल्याच दुसऱ्या एका लहान क्लबकडून. फोनवर सांगायची, "हितल्या पोरी लई उंच हायत गं. मी त्यांच्या काखेखालनं जाते." दोन मोसम ती उत्तम खेळली. तिसऱ्यात गुडघा गेला आणि खेळ थांबला. ऐन भरातली चार वर्षं इथेच गेली होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

गेल्या महिन्यात ती आली होती. आता तिकडेच लहान मुलींना शिकवते. जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही मैदानाच्या पायऱ्यांवर बसलो होतो, तेव्हा मी एकदाचं बोलून टाकलं. "मी त्या दिवशी खरं सांगायला हवं होतं गं. तुझी चार वर्षं गेली."

"गेली की," ती गुडघा चोळत म्हणाली. "लई वाईट वाटलं तवा. आठ दिस तुजं तोंड बघू वाटंना."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर तू भ्याली असतीस. भ्यालेल्या मानसाचं हात फुडं येत न्हाईत. मग मी पास कुनाला दिला असता?"

त्या हरलेल्या सामन्यानंतर चौथ्याच दिवशी आमचा पुढचा सामना होता, आणि त्यातला पहिला पास तिनं मला दिला होता. तेव्हा मला वाटलं होतं, ती विसरली.