आत्याची उरलेली दोन औषधं

पाहुणी म्हणून घरात आल्यावर पाणी प्यायच्या आधी उरलेल्या गोळ्या मागणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल, तर लोहारा तालुक्यात तुमचं कुणी नातेवाईक नाही असं मी खुशाल समजतो. माझी थोरली आत्या तिथल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, आणि अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात तिच्याइतक्या लोकांच्या फळ्या कुणी चाचपल्या नसतील. ती चप्पल काढते, टीव्हीच्या मागं हात घालते, देवळीतला आरसा बाजूला सारते आणि तीन गोळ्या राहिलेलं पाकीट दोन बोटांत धरून घरच्या बाईला विचारते, "ही कुणासाठी ठेवली?" उत्तर ठरलेलं. कुणाच्या तरी तापाची होती, बरं वाटलं म्हणून बंद केली, पुन्हा कुणाला लागली तर असावी. आमच्याकडं या गोळ्या विरजणासारख्या फिरतात. भिंतीवरून हाक मारायची आणि मागून घ्यायच्या. "विरजणानं दही व्हतंय," आत्या सांगते, "ह्यानं काय व्हतंय ते म्या बघितलंय." मग पाकीट तिच्या पिशवीतल्या स्टीलच्या डब्यात जातं आणि तिथून उपकेंद्राच्या औषधी कचऱ्यात.

तिच्या मुलासाठी, म्हणजे माझ्या आतेभावासाठी, मुलगी बघायला आम्ही बेंबळीला गेलो होतो. पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं, आणि आत्यानं विचारलं की घरात उरलेल्या गोळ्या कुठं ठेवता. मुलीच्या वडिलांना वाटलं, आजार उकरून काढायला बसली बाई. मुलीला लहानपणापासून साधी सर्दीसुद्धा झालेली नाही हे ते घाम पुसत सांगू लागले. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "उरतच न्हाईत. जितक्या दिवसाच्या दिल्या, तितके दिवस खातो." आत्यानं बशी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "पोरगी पसंत." आतेभावानं तोवर मान वर केली नव्हती. दोघं सुखात आहेत, पण आपलं लग्न गोळ्यांनी ठरवलं हे तो अजून ऐकवतो.

माणूस थोर करून सांगायचा आणि त्याची चूक झाकायची, हे मला पटत नाही. म्हणून हेही सांगतो की आत्या आधी अशी नव्हती. पंचवीस वर्षं तिच्या पर्समध्ये बडीशेपेच्या जागी अँटिबायोटिकच्या लाल-पिवळ्या कॅप्सूल असायच्या. बारशाला गेली आणि कुणी शिंकलं की दोन काढून हातावर. स्वतःला कणकण वाटली की दोन स्वतःच्या तोंडात. पाच दिवसांचा कोर्स हा नियम पेशंटसाठी. दवाखान्यातल्या माणसाला दोन पुरतात, अशी तिथल्या साऱ्यांचीच समजूत होती, ड्रायव्हरपासून क्लार्कपर्यंत. याच विषयाची प्रशिक्षणं झाली होती. चहा झाला होता, बिस्किटं झाली होती, हजेरीवर सगळ्यांच्या सह्या होत्या. फक्त समज कुणाच्याच नावावर नव्हती. "जास्त औषध खाल्लं की शरीराला सवय लागती," असं आत्या गावाला सांगायची, आणि आपलं शरीर आहे, बघू आपलं आपण, असं मनात म्हणून कॅप्सूल गिळायची.

मग पाच वर्षांपूर्वी तिला लघवीला आग सुरू झाली आणि थंडी वाजून ताप आला. पर्समधल्या दोन कॅप्सूल चालल्या नाहीत. उपकेंद्रातलं औषध चाललं नाही. सोलापूरला नेईपर्यंत ती माणसं ओळखेना. तिथल्या डॉक्टरांनी लघवीचा रिपोर्ट मागवला. त्यावर एकाखाली एक चौदा औषधांची नावं होती आणि बारा नावांपुढं खूण होती की जंतू याला दाद देत नाही. राहिली दोन. त्यातल्या एकाच्या इंजेक्शनांनी ती दहा दिवसांत उठून बसली, आणि डॉक्टरांनी तिला सांगितलं की सवय शरीराला लागत नसते. औषधातून वाचलेला जंतू निबर होतो आणि तो एकाकडून दुसऱ्याकडं जातो. आत्या म्हणाली, "पंचवीस वर्षं म्या उलटं शिकवलं की रं."

तिला गावासाठी फलक हवा होता. मी पत्रकं वाचत वाढलेला; लगेच निर्धार, लढा, जागृती असे शब्द घालून कागद भरून दिला. तिनं तो वाचला, घडी करून मला परत दिला आणि स्वतःचा रिपोर्ट उपकेंद्रात लसीकरणाच्या तक्त्याशेजारी भिंतीवर चिकटवला. बाराही नावांना लाल पेननं गोल. तिथं नवे आलेले डॉक्टर अवघडले, म्हणाले, बाई, हा तुमचा खाजगी कागद आहे. आत्या म्हणाली, "आजार खाजगी असतोय, सर. जंतू न्हाय." सर्दीला पावरची गोळी मागणाऱ्याला ती त्या भिंतीपाशी उभं करायची. काहीजण समजून परत जायचे, काहीजण चिडून दुसरीकडं जायचे. त्यांचीही नावं ती लक्षात ठेवायची आणि आठवड्यानं त्यांच्या फळीवर हात घालायची.

आता ती रिटायर झाली आहे. गेल्या हिवाळ्यात पुन्हा तीच आग, बारीक ताप. तिनं कशालाही हात लावला नाही. आधी लघवी तपासायला दिली; ताप बेताचा होता म्हणून डॉक्टरांनीही रिपोर्टची वाट बघू म्हटलं. तीन दिवसांनी मी तो आणला. चष्मा लावूनही तिनं तो वाचला नाही, माझ्याकडं दिला.

"दोन्ही हायत का रं?"

एकच होतं. मी तसं सांगितलं. ती चिडली नाही. पदरानं चष्मा पुसत म्हणाली, "पाच वर्षांत म्या एक कॅप्सूल उगीच घेतली न्हाय. मग माझं दुसरं कुणी खाल्लं?"

उरलेल्या औषधानं ती बरी झाली. स्टीलचा डबा पुन्हा पिशवीत आहे, पण गुडघे दुखतात, आता सगळ्या घरांपर्यंत ती पोचत नाही. म्हणून तुम्हाला विनंती आहे. आज स्वतःच आपल्या टीव्हीच्या मागं हात घाला. सापडेल ते अर्धं पाकीट शेजारी देऊ नका, आरोग्य केंद्रात नेऊन द्या. डॉक्टर अँटिबायोटिकची गोळी नको म्हणाले तर हुज्जत न घालता घरी या, आणि दिली तर सांगितली तशी पूर्ण घ्या. माझ्या आत्याचं एकच उरलंय. तेवढं तिच्यासाठी राहू द्या.