अम्माच्या गुसलाला कुणी आलं न्हाय

"काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

भरल्या हळदीत भाभी माझ्यावर ओरडली. भाभी म्हणजे आमच्या गावातल्या मोठ्या घरची सून. तंबाखूचे व्यापारी, निपाणीत वखार, गावात दुमजली माडी. तिच्या नणंदेची हळद होती. मी तेव्हा सातवीत. अंगात हिरवा झगा, खाली जरीचा काठ. अम्मानं हातानं शिवलेला. लई मिरवत गेलते मी. भाभीनं तो काठ ओळखला. तिच्या मेलेल्या सासूच्या लुगड्याचा काठ होता.

"मेलेल्या माणसाचं कापड घालून हळदीत आलीस व्हय गं? अवदसा! पोरीचं वाटोळं करायला आलीस?"

बाया पदर सावरून मागं सरकल्या. अम्मा परसात भांडी घासत होती, ती पळत आली. मला वाटलं, आता अम्मा हिला चांगली सुनावणार. अम्मानं मान खाली घातली. "चुकलं, भाभी. पोर हाय." मला गोठ्यामागं नेलं, झगा काढला, आणि आपला पदर माझ्याभोवती गुंडाळून भर दुपारी गावातनं घरी आणलं. ती एक शब्द बोलली न्हाय. मला भाभीचा राग आलाच. पण त्याहून जास्त अम्माचा आला.

ते लुगडं आम्ही चोरलेलं नव्हतं. बाई मेली की तिला शेवटची आंघोळ घालायची, कफन नेसवायचं. त्याला आमच्यात गुसल म्हणतात. गावातल्या समद्या बायकांचं गुसल अम्मा करायची. तिच्या आधी तिची सासू करायची. मेलेल्या बाईचे कपडे गुसल करणारीला द्यायचे, अशी रीत. त्याच भाभीनं गठुडं बांधून दिलतं. हातात न्हाय, उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवून. द्यायला चालतं. अंगावर दिसलं की चालत न्हाय. मग आम्ही काय त्याची पूजा करायची होती?

मय्यतीला अम्माशिवाय पान हलायचं न्हाय. रडारड सुरू झाली की पहिला माणूस आमच्या दारात. ती ताट सारून उठायची. बोरीचा पाला घालून पाणी तापवायची, पडदा धरायला लावायची, आत एकटी. घरच्या लेकी-सुना पडद्याबाहेर छाती बडवत. आत यायला सांगितलं की, "आमचं काळीज न्हाय गं तेवढं." आमच्या अम्माचं काळीज दगडाचं होतं जणू! बाहेर आली की तिच्या हाताचा चहा कुणी प्यायचं न्हाय. बारशाला बोलावणं न्हाय. बाळंतिणीच्या खोलीत तर पाऊलच टाकायचं न्हाय.

आणि जुम्म्याच्या, शुक्रवारच्या बयानात काय ऐकायचो आम्ही, भोंग्यातनं, घरात बसून? सगळे सारखे. नमाजाच्या एकाच रांगेत राजा आणि फकीर. मय्यतीचं गुसल सगळ्या जमातीवर फर्ज, एकानं केलं की सगळ्यांचं फिटतं. खरंच हाय ते. माझ्या अम्मानं आख्ख्या गावाचं फेडलं.

अम्माचे गुडघे गेल्यावर मीच जायला लागले. दिवसा निपाणीला वखारीत तंबाखू निवडायची, निरोप आला की तसंच परत यायचं. मला कुणी विचारलं न्हाय, येतीस का. सून आली की चूल तिच्याकडं जाते, तसं हे माझ्याकडं आलं. मी बी मान खाली घालून केलं. अम्मासारखीच.

मग अम्मा गेली.

सकाळची वेळ. माझ्या लेकीला मला यात वढायचं नव्हतं, म्हणून निरोप धाडला, कुणीतरी या. गुसल एकटीनं नीट होत न्हाय, अम्मानं जन्मभर कसंबसं रेटलं. एकीनं कूस वळवायची, एकीनं पाणी वतायचं. अंगणात बाया जमल्या. ज्यांच्या आया, सासवा अम्मानं धुतल्या, त्याच समद्या. कुणी उठेना. भाभी बी आलती, खुर्चीवर बसलेली. म्हणाली, "तूच की गं. तुला येतंय ते."

शेजारची आक्का, मराठ्याची, पदर खोचून उठली. "मी वतते पाणी. माझ्या आईसारखी हुती ती."

तशा सगळ्या एकदम बोलत्या झाल्या. "तुझा हात चालत न्हाय, आक्का. मजहबचं काम हाय." स्वतः उठायचं न्हाय, आणि उठली तिला बसवायचं! आक्का रडत पडद्याबाहेर उभी राहिली. गरम पाण्याची कळशी तेवढी आत सरकवत राहिली.

मी एका हातानं अम्माला कुशीवर धरलं, दुसऱ्या हातानं तांब्या. हात घसरायचा. तिचं डोकं तख्त्यावर आपटलं एकदा. त्या आवाजानं माझं काळीज फाटलं. "माफ कर अम्मा," म्हणाले, आणि रडले, मोठ्यानं. बाहेरनं कुणीतरी बोललं, "आवर लवकर, दुपार झाली, जोहरची नमाज व्हायला आली."

तिथं काहीतरी तुटलं ते तुटलं. अम्माचे केस पुसताना कळलं मला, त्या हळदीत ती गप्प का राहिली. तिला वाटत होतं, आपण गप्प राहिलो तर आपल्या वेळेला ही माणसं येतील.

त्यानंतर वरसाच्या आत भाभी गेली.

तिचा लेक स्वतः गाडी घेऊन दारात. "चल लवकर, अम्मी गेली." मी गेले. बोरीचा पाला घेऊन गेले. पडद्यापाशी उभी राहिले आणि म्हणाले, "घरातली एक बाई माझ्यासंगट आत पाहिजे. पाणी वतायला, हात लावायला. न्हाय तर मी आत जात न्हाय."

भाभीची लेक बेळगावात मास्तरीण. रडून डोळे सुजलेले. "मला भीती वाटते," म्हणाली.

"तुझी आई हाय ती."

ती मागं सरकली. सुना एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या. लेक म्हणाला, "कपडे ने, अख्खं कपाट ने. नाटकं करू नको."

"मला कापड नको. माणूस पाहिजे."

मशिदीचे एक बुजुर्ग पुढं आले. "मय्यत थांबवणं गुन्हा हाय, बेटी."

"व्हय चाचा, गुन्हाच हाय. विचारा ह्यांना, कुणाची आई हाय ती."

कुणी आत आलं न्हाय. शेवटी गाडी निपाणीला धाडली, तिथनं एक बाई आणली. जोहरला उठायचा जनाजा असरला, ऊन कलल्यावर उठला. मी घरी येऊन लई रडले. मेलेल्या बाईचा आता काय दोष? तिला तिष्ठत ठेवलं मी. ते मला बोचतंय, आणि बोचत राहील. पण मी आत गेले असते, तर माझ्यामागं माझ्या लेकीला जावं लागलं असतं, एकटीला.

गावात बोलतात, हिनं मय्यतीवर सूड उगवला. बोलू देत. वाटेत सलाम घालत न्हाईत. आधी तरी कोण घालत होतं?

परवा जमातीचा निरोप आला. तू येत न्हाईस तर निदान लेकीला शिकव, गावात कुणीतरी पाहिजे. माझी लेक निपाणीला कॉलेजात जाते. निरोप तिनं बी ऐकला, माझ्याकडं बघत राहिली.

मी सांगून पाठवलं. शिकवते. उर्दू शाळेच्या पडवीत बसते मी, घरटी एक बाई येऊ दे. मोठ्या घरची बी येऊ दे. समद्या शिकतील त्यात माझी लेक बी शिकेल. एकटी शिकणार न्हाय.

अजून कुणी आलेलं न्हाय. मी बी कुणाच्या दारात जाणार न्हाय.